बाधलेलं आम्रखंड

आमच्या बसला हीटर आहे म्हटलं की लोक हसायचे. आम्ही राहायचो त्या पापाकुऱ्याची थंडी ती केवढी, दोन स्वेटर चढवले की संपली. पण बस जपानच्या कुठल्याशा बर्फाळ गावात आयुष्य काढून इथे आलेली, आणि तिच्या पोटाखाली डिझेलवर पेटणारी एक छोटी भट्टी बसवलेली होती. ही भट्टी इंजिनाचं पाणी तापवणार, ते पाणी नळ्यांमधून सीटांखाली फिरणार आणि बस उबदार होणार, अशी योजना. आम्ही बस घेतल्यापासून ही योजना कधी पार पडली नव्हती आणि त्यावाचून आमचं काही अडलंही नव्हतं.

धैर्यशील, म्हणजे माझा नवरा, ही बस चालवायचा. मिरजेला तो भूलतज्ज्ञ होता. ब्याण्णव साली इथल्या सरकारने आमच्या डिग्र्यांना गुण देऊन आम्हाला आत घेतलं, आणि आत आल्यावर त्याच डिग्र्यांना कुणी हात लावेना. आधी परीक्षा द्या म्हणाले. धैर्यशीलने दिली आणि नापास झाला. पुन्हा अभ्यासाला बसला, आणि पोटासाठी सकाळ-संध्याकाळ शाळेची पोरं ने-आण करू लागला. मी सांगलीची बी. फार्म. माझीही तीच गत, फार्मसीच्या काउंटरमागे उभं राहायची सोय नाही. फरक एवढाच, की मला स्वयंपाक येत होता.

आणि तो चांगला येत होता, हे मी उगाच लाजून सांगणार नाही. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवापासून दिवाळीपर्यंत सगळं जेवण माझ्या हातचं असायचं. मंडळात सगळे डॉक्टर, नर्सेस आणि फार्मासिस्ट. निम्मे इस्पितळात कामाला, निम्मे आमच्यासारखे इस्पितळाच्या दाराबाहेर. पण पंगतीला बसले की सगळे सारखेच आडवा हात मारायचे. मोहनभाईंनी त्यांच्या डेअरीतला एक कोपरा मला देऊ केला होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात. गणपतीचं जेवण मी करायचं, त्या निमित्ताने सगळ्यांना कळवायचं, आणि मग त्या कोपऱ्यात माझ्या नावाची पाटी लावायची असं ठरलं होतं. 'वसुंधराज किचन'. या देशात मला माझ्या नावाने ओळखायची ती पहिलीच जागा होणार होती, आणि तेवढ्यासाठी मी काहीही करायला तयार होते.

जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मंडळाची बर्फ बघायला रुआपेहूच्या डोंगरावर सहल ठरली. अध्यक्ष डॉक्टर शिरीष. हा गृहस्थ आमच्या आधी आला, पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाला आणि तेव्हापासून त्याचा प्रत्येक शब्द निदानासारखा बाहेर पडायचा. धैर्यशीलला इस्पितळात नुसतं बघायला उभं राहण्याची परवानगी हवी होती. त्याने परीक्षेला मदत होते. तो शब्द शिरीषच टाकू शकत होता. त्यामुळे शिरीषने सहलीला तुझीच बस घेऊ म्हटल्यावर धैर्यशीलला आकाश ठेंगणं झालं, आणि शिरीषने वर 'हीटर चालू आहे ना, आई येणार आहे' असं विचारल्यावर धैर्यशील म्हणाला, एकदम फर्स्ट क्लास आहे.

मग तो बसखाली शिरला. हीटर सुरू व्हायचा, टिकटिक करायचा, पांढरा धूर सोडायचा आणि जरा वेळाने रुसल्यासारखा बंद पडायचा. धैर्यशीलने त्याला पेशंटसारखं तपासायला घेतलं. मी टॉर्च धरून उभी. आधी बॅटरी पाहिली. तिचा जोर कमी पडला तर हीटर स्वतःहून माघार घेतो म्हणे, म्हणून इंजिन चालू ठेवून बघितलं. तेच. डिझेलचा फिल्टर उघडला, त्यात चिकट काळा गाळ निघाला. तो बदलला, तरी धूर होताच. पाण्याच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली. डिझेलचा पंप नीट ठोके देतो की नाही हे त्याने चक्क स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मिरज सोडल्यापासून तो स्टेथोस्कोप पेटीत पडून होता. टॉर्चच्या उजेडात त्याचा चेहरा इतका खुललेला दिसला, की मला भरून आलं. हा माणूस असा असतो हे मी विसरून गेले होते.

शेवटी रोग सापडला. भट्टीच्या आत काजळीचा थर बसला होता, हवेला जागाच नव्हती. ती खरवडायला भट्टी खाली उतरवावी लागली, आणि उतरवताना तिची धूर बाहेर सोडणारी नळी गंजलेली होती ती त्याच्या हातात तुटून आली. नवी मागवायची तर जपानहून यायला महिना. सहल शनिवारी.

त्या वेळी मी आम्रखंडाच्या तयारीत होते. चक्का फडक्यात टांगलेला आणि ओट्यावर आंब्याच्या रसाचे मोठे पत्र्याचे डबे उघडलेले. धैर्यशील आत आला, त्याने एक रिकामा डबा उचलला, धुतला, कात्रीने उभा चिरला आणि बाहेर गेला. मिरजेला आमच्या स्कूटरच्या सायलेन्सरला गॅरेजवाल्याने असाच तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला होता आणि तो तीन वर्षं टिकला होता. आपल्याकडे हे असंच करतात, आणि झालं की एकमेकांकडे कौतुकाने बघतात. आम्हीही बघितलं. दोन क्लिपा आवळल्या, हीटर पेटवला, धूर नाही, आवाज नाही, बस गरम. त्याने मला तिथल्या तिथे मिठी मारली, काजळीसकट.

जाताना सगळं छान झालं. बर्फ पाहिलं, पोरं घसरली, बायकांचे फोटो झाले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि आम्रखंड. शिरीषने तीनदा आम्रखंड घेतलं आणि 'वहिनी, पापाकुऱ्याचं नाव काढाल' म्हणाला. जेवलं नाही ते फक्त एकच माणूस, म्हणजे शिरीषची आई, इरावतीकाकू. त्यांची संकष्टी होती. चंद्रोदय मुंबईचा धरायचा की पापाकुऱ्याचा यावर त्यांचा आणि मुलाचा वाद होता, पण तो उगवेपर्यंत त्या चहापलीकडे काही घेत नसत.

परतताना पाऊस लागला. सगळे ओलेचिंब आणि गारठलेले. खिडक्या बंद, छतातली हवेची झडपही लावून घ्यायला सांगितली, हीटर पूर्ण चालू. मंडळाच्या सहलीत पुरुष पुढे बसतात आणि बायका-मुलं मागे. हे कुणी ठरवत नाही, आपोआप होतं. मी पुढे धैर्यशीलच्या मागेच बसले होते, कारण उताराच्या रस्त्यावर त्याला बोलायला कुणीतरी लागतं. तासाभराने मागून कुरकुर सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, डिझेलचा वास येतोय. कुणीतरी म्हणालं, जुन्या बसला यायचाच. शिरीषचा मुलगा शुभंकर आईला सांगत होता, "मम, माय हेड हर्ट्स हीप्स," म्हणजे डोकं भयंकर दुखतंय. मग इरावतीकाकूंना उलटी झाली. नंतर शुभंकरला, मग आणखी तिघा-चौघांना. एका बाईंना उठून उभं राहता येईना.

वाटेतल्या 'ते कुईती' नावाच्या गावाच्या जरा अलीकडे बस थांबवली. सगळे पावसात उतरले, रस्त्याकडेच्या एका शेडखाली ओळीने बसले. तिथे उभे असलेले डॉक्टर मोजायला गेलं तर एका छोट्या इस्पितळाला पुरले असते. प्रत्येकाने कुणाची ना कुणाची नाडी धरली. बस लागली असेल, असं एकाने म्हणून पाहिलं. शिरीषने मान हलवली. त्याने विचारलं, जेवण कधी झालं, दुधाचं काय होतं, चक्का किती वेळ टांगला होता. मी सगळं खरं सांगितलं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "क्लासिक फूड पॉयझनिंग. दुधातले स्टॅफचे जंतू. वेळही बरोबर जुळतेय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. वेळ जुळत होती ना. तरी मी बोलले. म्हटलं, पण काकूंनी तर काहीच खाल्लं नाही, त्यांची संकष्टी आहे, आणि पहिली उलटी त्यांनाच झाली. शिरीष माझ्याकडे समजुतीने हसला. म्हणाला, रिकाम्या पोटी त्यांना पित्त झालं, दुसऱ्याची उलटी बघून वाढलं. पहिली उलटी त्यांचीच होती, त्यांनी दुसरी कुणाची बघितली होती? हे मी विचारलं, पण तोवर तो वळला होता. आणि पुढे बसलेल्या पुरुषांनी वाट्यावर वाट्या आम्रखंड चापलं, त्यातला एकही आजारी कसा नाही? त्यावरही एकाकडे उत्तर होतं: बायकांची आणि मुलांची प्रकृती नाजूक असते.

तेवढ्यात कौमुदीने, शिरीषच्या बायकोने, बसमधून उरलेल्या आम्रखंडाचं पातेलं आणलं. ती नर्स आहे, तिला स्वच्छतेचं फार. "सॉरी हं वसुंधरा," असं म्हणत तिने ते सगळ्यांसमोर रस्त्याकडेच्या गटारात ओतलं आणि रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं. केशर घातलेलं होतं त्यात. दोन दिवस राबून केलेलं होतं. मी ते पातेलं घेऊन पावसात उभी राहिले आणि माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बसच्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून खाली वाकून बघत होता. मग उठला, आत गेला आणि हीटर बंद केला. मंडळींना म्हणाला, पुन्हा बिघडला बहुतेक, आता थंडीतच जावं लागेल. आणि वास जावा म्हणून वरची झडप उघडतोय. शेडखाली बसलेली माणसं अर्ध्या तासात टवटवीत झाली होती. पापाकुऱ्यापर्यंत पुन्हा कुणाला काही झालं नाही. शिरीष म्हणाला, विष उलटून पडलं की असंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील बसखाली गेला, तेव्हा मी न बोलावता टॉर्च घेऊन गेले. पत्र्याचा सांधा जळून उघडा पडला होता आणि त्याच्या बरोबर वर, गरम पाण्याच्या नळ्या जिथून बसमध्ये शिरतात, त्या भोकाभोवती ताजी काजळी होती. भोकाच्या वर शेवटून दुसरी रांग. इरावतीकाकूंची सीट.

त्याने बोटाने ती काजळी पुसून उजेडात धरली. मग म्हणाला, "कार्बन मोनॉक्साइड."

मी म्हटलं, चल, आत्ताच शिरीषकडे जाऊ. तो बाहेर आला, हात पुसले, आणि हात पुसणं काही संपेना.

"वसू, मी भूल देणारा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "माझ्याच बसमध्ये मी तीस माणसांना गॅस दिला आणि मला कळलं नाही. हे मी कुणाला सांगू? शिरीषला? तो मला ऑपरेशन थिएटरच्या दारात तरी उभं करेल? लायसन्स जाईल, बस जाईल, परीक्षा पास झालो तरी हे माझ्या कपाळावर राहील."

"आणि माझ्या कपाळावर काय राहील?"

"आम्रखंड," तो म्हणाला. "अगं, आम्रखंड कुणाचंही बिघडतं. चार महिन्यांत विसरतील लोक. तू काही खोटं बोलू नकोस, फक्त गप्प राहा."

तो हे क्रूरपणे बोलला असता तर मी पातेलं त्याच्या डोक्यात घातलं असतं. पण तो अजून हात पुसतच होता आणि काल-परवाच मी त्याचा खुललेला चेहरा पाहिला होता. मी मूग गिळून गप्प बसले. त्या दिवशी त्याने एका भंगारवाल्याकडून दुसऱ्या बसची नळी आणली, नीट बसवली, भोकं बुजवली. सुरुवातीलाच हे करता आलं असतं, हे आम्ही दोघांनीही म्हटलं नाही.

लोक चार महिन्यांत विसरले नाहीत. त्यांनी मोठं मन दाखवलं, ते जास्त वाईट होतं. कौमुदी एकदा घरी आली आणि मला रबरी हातमोज्यांचा खोका देऊन गेली, इस्पितळातले उरलेले. गणपतीचं जेवण कुणा फिजीच्या केटररला दिलं. शिरीषने फोन करून सांगितलं, वहिनी, या वर्षी तुम्ही आराम करा. मला फक्त केळी कापायला बसवलं, आणि मी कापते आहे तोवर दोन बायका उगाच माझ्याजवळ उभ्या राहिल्या. मोहनभाई डेअरीत मला बघून फ्रीज पुसायला लागले. त्यांनी मला नाही म्हटलंच नाही, तो कोपराच कुठे दिसेना. तिथे चिप्सचं स्टँड आलं होतं.

तेव्हा मी इरावतीकाकूंना गाठलं. म्हटलं, निदान एका माणसाला तरी खरं माहीत आहे, आणि ते सांगताना नवऱ्याचं नाव घ्यायचीही गरज नाही. मी त्यांना एवढंच विचारलं, की काकू, त्या दिवशी तुमची संकष्टी होती ना? त्यांचा चेहरा पडला. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी कुणाला सांगितलं नाही गं. पण पोराचं ताट आवरताना वाटी चाटली असणार मी. शिरीष म्हणतो म्हणजे काहीतरी पोटात गेलंच असणार. मोडली माझी संकष्टी." आणि त्या पापाचं परिमार्जन म्हणून त्यांनी एकवीस संकष्ट्या निर्जळी करायचं व्रत धरलं होतं. चहासुद्धा सोडला होता बाईने. न खाल्लेल्या आम्रखंडापायी. मला हसावं की रडावं कळेना, आणि घरी येऊन मी रडलेच.

धैर्यशील पुढच्या खेपेला पास झाला. शिरीषने शब्द टाकला होता, तो उभं राहून बघायला जात होता, आणि बघून बघून त्याचा हात पुन्हा बसला. बस विकली. वेलिंग्टनजवळच्या एका इस्पितळात त्याला नोकरी लागली आणि आम्ही तिथल्याच 'लोअर हट' नावाच्या गावी राहायला गेलो. मागे बाग असलेलं घर, ट्रेनने जाणं-येणं, गळ्यात स्टेथोस्कोप. तो खूश होता आणि मला वाटलं, चला, इथे मला कुणी ओळखत नाही. इथे पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येईल.

पहिल्याच रविवारी त्याच्या विभागातली दोन मराठी कुटुंबं जेवायला आली. मी मुद्दाम श्रीखंड केलं. पानं वाढली, मंडळी वाहवा करत होती, एका बाईंनी तर विचारलं, तुम्ही ऑर्डर घेता का? माझं उत्तर तोंडात होतं. तेवढ्यात धैर्यशील हसून म्हणाला, "जपून हं. हिच्या आम्रखंडाने एकदा माझी आख्खी बस आडवी केली होती."

मग त्याने ती गोष्ट रंगवून सांगितली. बर्फ, पाऊस, शेडखाली ओळीने बसलेले पेशंट, कौमुदीने गटारात ओतलेलं पातेलं. लोक हसून हसून लोळले. "आणि गंमत म्हणजे," तो म्हणाला, "मला आदल्या दिवशीच चक्क्याला वास आला होता. पण बायकोला सांगणार कोण?" मी त्याच्या नजरेची वाट बघत होते. एवढं बोलून तो माझ्याकडे चोरून बघेल, डोळ्यांनी का होईना माफी मागेल असं मला वाटत होतं. तो श्रीखंडात पुरी बुडवत होता. त्या बाईंनी पुन्हा ऑर्डरचं काढलं नाही, आणि त्यांच्या मुलाची वाटी त्यांनी हळूच बाजूला सरकवली.

पाहुणे गेल्यावर तो सिंकपाशी भांडी विसळत होता, शीळ वाजवत. मी मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, ती वासाची गोष्ट तू आज नवीन घातलीस. त्याने नळ बंद केला आणि आठवल्यासारखं केलं. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, ओशाळलेपण नव्हतं, काहीच नव्हतं. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा तो शांतपणे बोलला.

"नवीन कसली? वसू, खरं सांगू का, थोडासा वास येत होताच."